जॉनची आई कोण? महाकादंबऱ्यांतली पात्रं, देव आणि वाचकांच्या थिअरी

सुरुवातीलाच एक इशारा देतो. आज ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचं आहे, त्यांतली बरीच गुपितं या तासाभरात फुटणार आहेत. ज्यांची पुस्तकं अजून वाचायची राहिली आहेत, त्यांनी खुशाल चहाला जावं. आम्हाला राग येणार नाही.

आमचा चार-पाच जणांचा छोटा वाचनगट आहे. जाडजूड फँटसी कादंबऱ्या वाचायच्या, महिन्यातून एकदा जमायचं आणि त्यावर बोलायचं, एवढाच उद्योग. काही वर्षांनी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. पुस्तकात काय घडलं यावर आम्ही फार तर अर्धा तास बोलतो. पुस्तकात काय लपलंय यावर तीन तास भांडतो. हे पात्र खरं कोणाचं मूल? तो देव खरा आहे की थोतांड? ही भविष्यवाणी नक्की कोणाबद्दल? जगभरचे वाचक याला ‘फॅन थिअरी’ म्हणतात. मराठीत ‘उपपत्ती’ म्हणता येईल, पण आज आपण ‘थिअरी’च म्हणू.

तर आजचा प्रश्न असा: ही थिअरी म्हणजे नेमकं काय, चांगली कोणती, वाईट कोणती आणि तिच्यावर किती विश्वास टाकायचा? शेवटचा मुद्दा आम्ही जरा चटका बसल्यावर शिकलो. त्याकडे नंतर येतो.

अंदाज आणि थिअरी

आधी फरक समजून घेऊ. ‘शेवटी राजा मरणार’ हा अंदाज झाला. बरोबर येईल, चूक येईल. त्यात कष्ट नाहीत. थिअरीत तीन गोष्टी लागतात. एक, पुस्तकात एखादी रिकामी जागा, म्हणजे लेखकाने मुद्दाम न सांगितलेलं काही. दोन, ती जागा भरणारे, पुस्तकात ठिकठिकाणी विखुरलेले पुरावे. आणि तीन, ही थिअरी खरी मानली तर आधी वाचलेलं सगळं वेगळं दिसायला लागलं पाहिजे. तिसरी गोष्ट नसेल तर ते नुसतं कोडं सोडवणं झालं.

मग याच प्रकारच्या कादंबऱ्यांत थिअरींचं एवढं पीक का? पहिलं कारण म्हणजे इथलं जग जुनं असतं. कथा सुरू होण्याआधी शेकडो वर्षांचा इतिहास घडून गेलेला असतो आणि तो आपल्याला दंतकथा, गाणी, अर्धवट आठवणी यांतूनच कळतो. दुसरं कारण साधं आहे: वाट पाहणं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ साली आलं. मग १९९८, २०००, २००५ आणि २०११. सहाव्या पुस्तकाची वाट वाचक २०११पासून बघताहेत. माणूस वाट बघत बसला की त्याचं डोकं चालायला लागतं. एसटीच्या स्टँडवर बसलेली माणसं गाडी का आली नाही याच्या चार कारणमीमांसा मांडतात, तसंच हे.

जॉनची आई

आता सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. मार्टिन यांच्या कथेत नेड स्टार्क नावाचा उत्तरेचा सरदार आहे. अत्यंत सचोटीचा माणूस. पण युद्धावरून परतताना तो एक तान्हं मूल घेऊन येतो, जॉन स्नो. हा माझा अनौरस मुलगा, असं तो जगाला सांगतो. आई कोण, हे बायकोलाही सांगत नाही. तिने विचारलं तर एवढंच, की तो माझ्या रक्ताचा आहे, पुढे विचारू नकोस.

ही झाली रिकामी जागा. आता पुरावे पाहू.

पहिल्याच पुस्तकात नेड जखमी होऊन तापात पडतो आणि त्याला एक जुना प्रसंग स्वप्नात दिसतो. दक्षिणेच्या डोंगरात एक मनोरा. आपल्या सहा सोबत्यांसह तो तिथे पोचतो, तर समोर राजाच्या खास अंगरक्षक दलातले तीन नामांकित योद्धे उभे. आता गंमत बघा. राजा मेलेला आहे, युवराज रेगार मेलेला आहे, युद्ध संपलेलं आहे. मग राजघराण्याच्या रक्षणाची शपथ घेतलेले हे तीन वीर एका ओसाड मनोऱ्यापाशी काय करताहेत? आत कोणाला राखताहेत?

आत नेडची बहीण लियाना मरणाच्या दारात असते. रक्ताचा वास, गुलाबांचा वास आणि भावाकडून घेतलेलं एक वचन. ते वचन काय, हे पुस्तक सांगत नाही. पण ते नेडचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवतं. त्याआधी हॅरनहॉलच्या स्पर्धेत युवराज रेगारने स्वतःच्या बायकोला ओलांडून निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाला दिलेला असतो. दुसऱ्या पुस्तकात तिकडे दूर परदेशात डेनेरिसला एक दृश्य दिसतं: बर्फाच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं एक निळं फूल. आणि जॉन स्नो राहतो कुठे? बर्फाच्या भिंतीवर.

वाचकांनी हे तुकडे जोडले आणि पहिल्या पुस्तकानंतर काही वर्षांतच एक समीकरण रूढ झालं: आर अधिक एल बरोबर जे. रेगार आणि लियाना यांचा मुलगा जॉन. पुढे टीव्ही मालिका काढू इच्छिणारे बेनिऑफ आणि वाइस हे दोघे मार्टिन यांना भेटले, तेव्हा मार्टिन यांनी त्यांना हाच प्रश्न विचारला होता, की जॉनची आई कोण? त्यांचं उत्तर बरोबर आलं, हा किस्सा दोन्ही बाजूंनी सांगितला गेलाय. मालिकेत २०१६ साली हे उघड झालं. पुस्तकात मात्र अजून कोणीही तसं स्पष्ट म्हटलेलं नाही.

ही थिअरी चांगली का? पुरावे भरपूर आहेत म्हणूनच केवळ नाही. तिसरी गोष्ट आठवा, आधीचं सगळं वेगळं दिसलं पाहिजे. ही थिअरी खरी मानली तर नेड स्टार्क बदलतो. एकदाच पाय घसरलेला सज्जन माणूस, असं आपण त्याला समजत होतो. आता दिसतो तो बहिणीच्या लेकरासाठी स्वतःच्या अब्रूवर डाग घेणारा भाऊ. नवा राजा रॉबर्ट हा त्याचा जिवलग मित्र. पण रेगारच्या मारलेल्या मुलांची प्रेतं समोर आणली तेव्हा या मित्राला काही वाटलं नव्हतं. म्हणजे नेडने मित्राला फसवलं, बायकोला वर्षानुवर्षं दुखावलं आणि ज्या पोराला वाचवलं त्यालाही सत्य सांगितलं नाही. सचोटीचा माणूस आयुष्यभर एक खोटं वाहतोय. उत्तर कळलं म्हणून प्रश्न संपला नाही, उलट जास्त खोल गेला.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये विदुर हा युधिष्ठिराचा पिता असेल का, हा प्रश्न घेतला तेव्हा रीत हीच होती. धर्म हा युधिष्ठिराचा पिता, विदुर हा धर्माचाच अंश, आणि अखेरीला विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरतो. हे महाभारतातलेच तुकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मजकुराबाहेरचं काही आणलं नाही. थिअरीची पहिली शिस्त हीच.

बरोबर उत्तर, पण कुठे मिळालं?

दुसरं उदाहरण थोडक्यात. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका. १९९३ सालच्या पाचव्या खंडाच्या शेवटी अस्मोडियन नावाचं पात्र एक दार उघडतं, समोरच्याला ओळखतं आणि मरतं. मारणारा कोण, ते सांगितलेलं नाही. वाचकांनी संशयितांच्या याद्या केल्या, वेळापत्रकं मांडली, कोण कधी कुठे होतं याचा हिशेब केला. जॉर्डन म्हणत राहिले, की नीट वाचलं तर कळण्यासारखं आहे. २००७ साली ते वारले. ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून मालिका पूर्ण केली आणि २०१०च्या तेराव्या खंडात उत्तर आलं: ग्रेंडाल. पण आलं कुठे? पुस्तकाच्या मागे जी शब्दसूची असते, तिच्यातल्या एका नोंदीत!

सतरा वर्षांचा वाद असा एका ओळीत मिटला. ज्यांनी ग्रेंडालचं नाव घेतलं होतं ते खूश झाले, पण किती वेळ? उत्तराने कथेतलं काहीच हललं नाही. जॉनच्या आईचा प्रश्न आणि हा प्रश्न यांतला फरक इथे आहे. एकात उत्तराने माणूस उलगडतो, दुसऱ्यात यादीतल्या एका नावापुढे खूण होते.

देवांचं काय करायचं?

पात्रांच्या थिअरीला कधी ना कधी उत्तर मिळू शकतं. देवांचं तसं नसतं.

टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टॉम बाँबडिल येतो. जंगलात राहणारा, गाणी म्हणणारा, पिवळ्या बुटांचा माणूस. ज्या अंगठीने भलेभले नासले, ती तो बोटात घालतो आणि अदृश्यही होत नाही. हा कोण? फ्रोडो त्याच्या पत्नीला विचारतो, तर तिचं उत्तर एवढंच की तो आहे. झालं! काही वाचकांनी ठरवलं, हा साक्षात परमेश्वर. कोणी म्हणालं, हा देवदूतांसारख्या शक्तींपैकी एक. कोणी म्हणालं, हा निसर्गच.

परमेश्वराच्या थिअरीविरुद्ध पुरावा पुस्तकातच आहे. एल्रॉन्डच्या सभेत चर्चा होते, की अंगठी बाँबडिलकडे ठेवली तर? उत्तर मिळतं की तो ती कुठेतरी विसरून जाईल, आणि बाकी सगळं जिंकल्यावर शत्रू त्यालाही हरवेल. सगळ्यात शेवटी, पण हरवेल. हरणारा परमेश्वर कसा असेल? टॉल्किन यांनीही पत्रातून ही समजूत नाकारली. आणि १९५४च्याच एका पत्रात म्हटलं, की पुराणकाळाच्या कथेतही काही कोडी राहिलीच पाहिजेत आणि बाँबडिल हे मुद्दाम ठेवलेलं कोडं आहे. म्हणजे काही रिकाम्या जागा भरण्यासाठी नसतातच. अंगणातली मोकळी जागा बांधकाम राहून गेलं म्हणून मोकळी नसते, मुलांना खेळायला ठेवलेली असते.

मार्टिन यांच्याकडे तर देवांची गर्दी आहे. उत्तरेत झाडांच्या खोडांवर कोरलेल्या चेहऱ्यांचे निनावी जुने देव. दक्षिणेत सात रूपांचा एक देव. समुद्री लुटारूंचा बुडालेला देव. पूर्वेचा ऱ्हलोर, म्हणजे प्रकाशाचा स्वामी. मारेकऱ्यांचा बहुमुखी देव. यांतला खरा कोणता? गोंधळ असा, की बऱ्याच ठिकाणी ‘काहीतरी’ घडतं. थोरॉस हा ऱ्हलोरचा पुजारी. दारू पिणारा, फारशी श्रद्धा नसलेला. मेलेल्या मित्रावर तो केवळ रिवाज म्हणून अंत्यविधी करतो आणि मित्र उठून बसतो! थोरॉसची श्रद्धा वाढते. पण वाचकाने काय मानायचं? देवाने ऐकलं, की या जगात जादू परत येतेय आणि पुजारी तिला देवाचं नाव देतोय?

मार्टिन यांनी एवढं सांगितलंय, की कितीही प्रार्थना केली तरी देव स्वतः अवतरून प्रश्न सोडवणार नाहीत. पण पाचव्या पुस्तकातला एक प्रसंग आम्हाला याहून जास्त सांगून जातो.

थिऑन नावाच्या तरुणाने ज्या घरात तो वाढला तेच घर बळकावलेलं असतं. घरातली दोन मुलं पळून गेली म्हणून त्याने दुसरीच दोन निरपराध पोरं मारून त्यांचीच म्हणून दाखवलेली असतात. पुढे त्याचे इतके हाल होतात की स्वतःचं नावही त्याला बोलवत नाही. असा मोडलेला माणूस बर्फात त्या जुन्या झाडासमोर येतो आणि पानांच्या सळसळीत त्याला स्वतःचं नाव ऐकू येतं. देवांना आपलं नाव ठाऊक आहे, असं त्याला वाटतं.

आपल्याला मात्र ठाऊक असतं, की झाडांच्या डोळ्यांतून पाहायला शिकणारा ब्रॅन तिकडे दूर उत्तरेच्या गुहेत बसलाय. पळून गेलेल्या दोन मुलांपैकी एक! म्हणजे थिऑनला ज्याने हाक मारली, तो त्याच्याच अपराधातून वाचलेला पोरगा. आता सांगा, देव आहे की नाही? ‘झाडात देव नाही, ब्रॅन आहे’ हे बरोबरच आहे. पण हाक खोटी होती का? आमच्या गटात या प्रसंगावर कधीच एकमत झालं नाही, आणि तसं झालं नाही याचं आता वाईट वाटत नाही.

पुस्तकातलेच थिअरीवाले

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या कादंबऱ्यांत थिअरी मांडणारे फक्त आपण वाचक नाही. पात्रंही तेच करताहेत. त्यांच्यापुढे भविष्यवाणी आहे, खुणा आहेत, आणि ती तुकडे जोडताहेत.

युवराज रेगारला आधी वाटतं, वचन दिलेला राजपुत्र आपणच. मग वाटतं, आपला मुलगा. कारण त्या वेळी आकाशात धूमकेतू दिसला होता. शंभरी ओलांडलेले विद्वान एमन मरताना म्हणतात, आम्ही सगळेच चुकलो, चूक भाषांतरात होती. ड्रॅगनला नर-मादी असा भेद नाही, मग राजपुत्रच का, राजकन्या का नाही? हजार वर्षं सगळे मुलगा शोधत बसले!

सेर्सीला लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं, की धाकटा भाऊ तुझा गळा आवळेल. तिने लगेच ठरवलं, तो टिरियन. जेमीही आपला जुळा, पण क्षणभराने धाकटा भाऊ आहे, हे तिच्या मनातही येत नाही. तुझ्याहून तरुण राणी तुझं सगळं हिरावेल, असंही भाकीत होतं. म्हणून ती सुनेविरुद्ध कारस्थान रचते आणि त्याच कारस्थानात स्वतः कोठडीत जाते.

आणि मेलिसांड्रे. ती ज्वाळांत दृश्यं बघते. तारणहार म्हणजे स्टॅनिस, हे तिचं पक्कं ठरलेलं. ज्वाळांना ती म्हणते, तारणहार दाखवा, तर तिला सारखा ‘स्नो’च दिसतो. स्नो म्हणजे बर्फ, आणि स्नो हे जॉनचं आडनावही. पुरावा डोळ्यांसमोर आहे, पण थिअरी आधी ठरलेली. तिला मरणासन्न घोड्यावरची एक करड्या कपड्यांतली मुलगी दिसते. ती जॉनला सांगते, ही तुझी बहीण. येते ती दुसरीच मुलगी. पण त्या चुकीच्या अर्थावर माणसं बाहेर पाठवली गेलेली असतात. अंधारातल्या सुऱ्यांचा इशाराही ती जॉनला देते. तो खरा असतो. पण एकदा चुकलेल्या बाईचा शब्द कोण मनावर घेणार? जॉनला स्वतःच्याच माणसांचे सुरे लागतात.

या सगळ्यांत मोठी किंमत कोणाला द्यावी लागणार होती? एड्रिक नावाच्या एका पोराला. त्याच्या अंगात राजाचं रक्त, म्हणून त्याला जाळलं तर दगडाचा ड्रॅगन जागा होईल, अशी ही थिअरी. एका अनौरस पोरापुढे अख्खं राज्य ठेवून तोलायला स्टॅनिस तयार असतो. दाव्होसच्या लेखी मात्र त्या एका जिवापुढे तोलण्यासारखं काही नसतं. तो कुठलीही भविष्यवाणी खोडत बसत नाही. रातोरात पोराला बोटीत बसवून पाठवून देतो.

आमची चूक

आता चटक्याची गोष्ट. आमच्या गटाची एक लाडकी थिअरी होती: टिरियनसुद्धा राजघराण्यातला, वेड्या राजा एरिसचा मुलगा. पुरावे होते. एरिसची टिरियनच्या आईवर नजर होती; टिरियनचे केस फिके, डोळे दोन रंगांचे; लहानपणापासून ड्रॅगनचं वेड; आणि बाप टायविन मरताना त्याला मुलगा मानायलाच नकार देतो. दोन-तीन वर्षं आम्ही ही थिअरी हिरिरीने मांडली. नवीन येणाऱ्याला तर असं सांगायचो, जणू पुस्तकात छापलंय.

एकदा आमच्यातल्या एका मैत्रिणीने चौथं पुस्तक उघडून समोर ठेवलं. तिथे टायविनची बहीण जेमीला सांगते, की टायविनचा खरा मुलगा तू नाहीस, टिरियन आहे. म्हणजे बापाची बुद्धी, बापाचा कठोरपणा त्या एकाच मुलात उतरलाय, आणि त्याचाच बाप सगळ्यात जास्त द्वेष करतो. ही त्या घराची शोकांतिका. टिरियन दुसऱ्याचा निघाला तर ती शोकांतिकाच विरून जाते. बापाचा द्वेष जवळपास रास्त ठरतो.

वाईट याचं वाटलं नाही की थिअरी डळमळली. ती अजूनही खरी निघू शकते. वाईट याचं वाटलं, की ते पान आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं, आणि थिअरीला सोयीचं नव्हतं म्हणून आमच्या लेखी ते पुस्तकात उरलंच नव्हतं. मेलिसांड्रेला हसणारे आम्ही, ज्वाळांत आम्हालाही हवं तेच दिसत होतं.

तेव्हापासून कोणी थिअरी मांडली की आम्ही चार प्रश्न विचारतो. ती कुठली रिकामी जागा भरते? पुरावा पुस्तकातला आहे की आपल्या मनातला? पुस्तकातली कुठली गोष्ट तिच्या विरुद्ध जाते? आणि ती खरी ठरली तर पात्र मोठं होतं की लहान? तिसऱ्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, की समजायचं, पुस्तक परत वाचायची वेळ झाली.

व्याख्यानानंतर एका श्रोत्या ताईंनी विचारलं, “मालिका कधी पूर्णच झाली नाही, तर हे सगळे कष्ट वाया नाही का जाणार?” प्रश्न खरा आहे आणि आम्हालाही तो छळतो. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं: जॉनच्या आईच्या नादाने आम्ही नेड स्टार्कला तीनदा नव्याने वाचलं, आणि टिरियनच्या नादाने स्वतःला एकदा. सहावं पुस्तक आलं तर त्याच दिवशी वाचायला बसू. तोवर पुढच्या महिन्याची बैठक ठरलेली आहे. विषय आहे, झाडातून थिऑनला हाक मारणाऱ्या ब्रॅनने त्याला माफ केलं होतं का. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, फक्त पाचवं पुस्तक सोबत आणावं.